सांगायला कोण येणार

अंगठा आपटल्याचा आवाज आधी आला आणि कळ मागून. मधल्या क्षणात तिला वाटलं, काही नाही, दार वाजलं असेल. मग कळ अशी आली की हातातली ओल्या कपड्यांची बादली तिनं होती तिथेच टाकली आणि गॅलरीच्या उंबऱ्यात मटकन बसली. पायाशी दगड होता. वीतभर उंच, दंडाएवढा जाड, गोल कापलेला, करडा, अंगावर काळे-पांढरे ठिपके. खाली पॉलिश केलेली लाकडी बैठक आणि बैठकीवर पितळी पट्टी. पट्टीवर तिचं नाव, नोकरीची वर्षं आणि ‘कृतज्ञतापूर्वक’ हा शब्द. इतक्या वरच्या मजल्यावर वारा फार, गॅलरीचं दार दिवसभर आपटत राहायचं, म्हणून सुनेनं तो दाराला लावून ठेवला होता. त्यात सुनेची काही चूक नव्हती. निरोपसमारंभात मिळालेल्या वस्तूंचं माणसानं दुसरं करायचं तरी काय.

“आई, काय पाडलंत?” सुनेनं आतून विचारलं.

“काही नाही. दगड लागला.”

“लागला म्हणजे? तो तर जागचा हलत नाही.”

“मीच लागले त्याला.”

सून आली, बघून गेली, बर्फ घेऊन परत आली, ‘नख जाणार हे’ असं डॉक्टरच्या थाटात सांगून तिनं बादली उचलली आणि कपडे झटकून वाळत घालायला लागली. तोंडात चिमटे धरून बोलायची तिची सवय होती. “हा दगड तुम्ही दर वर्षी कुठेतरी घेऊन जायचात ना हो? टॉवेलात गुंडाळून. मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं, सासूबाई हौशी दिसतात, दगडाला फिरवून आणतात.” आणि ती हसली. उंबऱ्यात बसलेली बाईही हसली, पण हसता हसताच थांबली. दगड न्यायचा असायचा तो थंडी सरता सरता. आता पंखे लागले होते. दुपारी तर गाद्यासुद्धा तापत होत्या. थंडी केव्हाच सरली होती आणि दगड इथे होता, दाराला लावलेला.

निवृत्तीचं पहिलं वर्ष होतं. सुखाचं, खोटं कशाला बोला. उशिरा उठणं, वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचणं, दुपारी अपराधी न वाटता झोपणं. मुलगा परगावी नोकरीला, घरात या दोघीच, आणि दोघींचं बरं जमायचं. खात्याची आठवण तिला अधूनमधून यायची ती कँटीनच्या चहापुरती. थंडी आली तशी गेली, आणि तिच्या पायांना, हातांना, दगड न्यायच्या त्या बॅगेच्या चेनला, कशालाच काही आठवलं नाही, याचं तिला आता नवल वाटत होतं आणि भीतीही. इतकी वर्षं जे न चुकता केलं ते अंगात मुरलं असेल अशी तिची समजूत होती. अंगात काही मुरत नाही. तिनं स्वतःशीच म्हटलं, माझ्या जागेवर आलेला गेला असेल. जाताना त्याला सांगितलं होतं मी, दर वर्षी जायचं असतं म्हणून. तो गेला असेल, दगडाशिवाय. पण दगडाशिवाय ते लोक बोलायला कुठून सुरुवात करणार, हे काही तिच्या डोळ्यांपुढे येईना.

दगड डोंगरातला होता. शहरापासून दिवसभराच्या वाटेवर एक लहानसं गाव होतं आणि गावामागे डोंगर. अणुभट्ट्यांमधला वापरून झालेला, पण हजारो वर्षं जवळ जाता येणार नाही असा कचरा जाड पिंपांत बंद करून त्या डोंगराच्या पोटात खोल ठेवायचा, असं खात्यानं ठरवलं होतं. मात्र गावानं हो म्हटलं तरच. हो म्हणवून घेणं हे तिचं काम. तिच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, त्यात ‘संवाद’ हा शब्द दोनदा यायचा. पहिल्या बैठकीला गावाच्या हॉलमध्ये नुसता आरडाओरडा झाला, कोणी कोणाचं ऐकेना. दुसऱ्या बैठकीला जाताना ती डोंगर पोखरून बघणाऱ्या लोकांच्या शेडमध्ये थांबली. तिथे जमिनीखालून काढलेल्या खडकाच्या लांबच लांब कांड्या लाकडी खोक्यांत मांडून ठेवल्या होत्या. त्यातला एक तुकडा तिनं मागून घेतला, पुसला, आणि हॉलमध्ये पहिल्या रांगेतल्या माणसाच्या हातात दिला. म्हणाली, हा तुमच्याच पायाखालून निघालाय, बघा, आणि शेजाऱ्याला द्या. दगड हातोहात फिरत गेला आणि ज्याच्या हातात तो असेल तो बोलायचा, बाकीचे ऐकायचे, असं आपोआप होऊन बसलं. जड वस्तू हातात असली की माणूस फार ओरडत नाही. गावानं तिला त्या दिवशी ‘दगडबाई’ हे नाव दिलं आणि ते नाव तिच्या खऱ्या नावापेक्षा जास्त टिकलं.

दोन वर्षं बैठका चालल्या. माणसं काय काय विचारायची ते तिला आजही जसंच्या तसं ऐकू यायचं. नोकऱ्या किती, विहिरींचं काय, जमिनीला पुढे गिऱ्हाईक मिळेल का. न्हावी उठून म्हणाला होता, “दहा हजार वर्षं? इथे चौकातला दिवा गेला तर बल्ब बदलायला पुढची निवडणूक यावी लागते.” हॉलनं टाळ्या वाजवल्या होत्या, तिनंही. म्हातारे मास्तर मात्र हसले नाहीत. दगड मांडीवर घेऊन ते म्हणाले, “दिवे तुमच्या शहरात लागले. राख आम्ही का सांभाळायची?” यावर तिचं उत्तर तयार होतं. प्रश्न माणसांचा नाही, खडकाचा आहे, असं ती म्हणाली. इथला खडक कोट्यवधी वर्षांत हललेला नाही, म्हणून ही जागा. मास्तरांनी दगडावरून हात फिरवला. “खडक हलत नाही म्हणून निवडलंत, की आम्ही हलू शकत नाही म्हणून?” ती तेव्हा ग्लासातलं पाणी प्यायली आणि तिनं पुढचा प्रश्न घेतला. आता उंबऱ्यात बसून अंगठ्यावरचा बर्फ वितळताना बघत असताना तिच्या लक्षात आलं की त्या प्रश्नाचं उत्तर तिनं अजूनही शोधलेलं नाही. मास्तर केव्हाच गेले. उत्तर सापडलं तरी द्यायचं कोणाला. घरात भर दुपारी दिवाणखान्यातला दिवा चालू होता, सुनेच्या खोलीतलाही.

शिंपीण कायम शेवटच्या रांगेत बसायची. कोणाची तरी पॅंट मांडीवर घेऊन खालची दुमड घालत बसलेली, मान खाली, ओठांत दोरा. दोन वर्षांत ती एकदाच बोलली. त्या दिवशी मतदान होतं, हात वर करून. सगळे अंदाज सांगत होते की होकार थोडक्यात हुकणार. बायकांची मागची रांग विरोधात होती आणि ती रांग शिंपिणीकडे बघून वागायची, कारण गावातल्या प्रत्येक बाईचं माप तिच्याकडे होतं आणि कोणाचं कधी वाढलं हे ती कोणाला सांगत नसे. दगड तिच्याकडे आला. तिनं तो मांडीवरच्या पॅंटवर ठेवला, दोन्ही हात त्याच्यावर टेकवले. 

“तुमची यंत्रं बघत बसणार, हे कळलं,” ती म्हणाली. “काही बिघडलं तर यंत्राला कळणार, हेही कळलं. पण आम्हाला सांगायला कोण येणार?”

“सायरन असेल. शिवाय फोनवर प्रत्येक घरी—”

“सायरन नको. माणूस कोण येणार?”

दगडबाई दमली होती. दोन वर्षं ती त्याच त्या खुर्चीत बसून बोलत होती, आणि समोरून कोणीतरी पहिल्यांदाच असं काही विचारलं होतं ज्याचं उत्तर ती स्वतःच देऊ शकत होती. “मी येईन,” ती म्हणाली. हॉलमध्ये हशा पिकला.

“आणि तुमच्यानंतर?”

“माझ्यानंतर माझ्या जागेवरचं माणूस येईल. दर वर्षी. काही बिघडलेलं नसलं तरी येईल, या खुर्चीत बसेल, आकडे तोंडानं वाचून दाखवेल. ते माणूस आलं, की समजा सगळं ठीक आहे.”

शिंपिणीनं बराच वेळ तिच्याकडे बघितलं. मग दगड पुढे दिला. मतदान झालं तेव्हा आधी मागच्या रांगेतला एकच हात वर गेला, आणि त्या हातात सुई होती आणि सुईतून दोरा खाली पॅंटपर्यंत लोंबत होता. मग सबंध रांग वर गेली. गाडीत बसून परत येताना दगडबाई रडली होती, आनंदानं. असा आनंद नोकरीत तिला पुन्हा कधी झाला नाही.

साहेबांना तिनं हे सांगितलं होतं. म्हणाली, दर वर्षी जायचं मी कबूल केलंय, ते नियमांत घालून घेऊ या. साहेब चांगले होते, वाईट माणूस नव्हता. ते म्हणाले, “तुम्ही जा की खुशाल. कोण अडवतंय? पण लिहू नका. लिहिलं की करावं लागतं.” ती हसली होती. तोच हसण्याचा आवाज आज तिला नको झाला. गंमतच वाटली होती तिला तेव्हा, आणि खरं म्हणजे थोडं बरंही वाटलं होतं, की ही गोष्ट खात्याची नाही, आपली आहे. आपण गेलो तर घडेल असं काहीतरी या एवढ्या मोठ्या कारभारात आहे. त्या बरं वाटण्याचाच आता राग येत होता. डोंगरात पिंपं ठेवणाऱ्यांनी त्यांचं तांबं किती वर्षांत झिजेल, पाणी कुठून झिरपेल, भूकंप झाला तर कुठे तडा जाईल, सगळ्याचा हिशेब केला होता. एक बाई टॉवेलात दगड गुंडाळून किती वर्षं येत राहील, याचा हिशेब कोणी केला नव्हता. आणि पहिली गळती तिथूनच झाली असणार, असं तिला बर्फाचं पाणी पुसता पुसता वाटून गेलं.

ती गेली मात्र, दर वर्षी गेली. गुडघे दुखायला लागल्यावर गेली, नवरा दवाखान्यात होता त्या वर्षी एका दिवसात जाऊन आली. सुरुवातीला हॉल भरायचा. मग अर्धा. मग शिंपीण, न्हावी, मास्तर, आणि चहापुरते डोकावणारे दोघे-चौघे. आकडे दर वर्षी तसेच, इतके तसेच की वाचताना तिला स्वतःला झोप यायची. एका वर्षी तर तिनं गेल्या वर्षीचाच कागद वाचून दाखवला. बॅगेत दोन्ही होते, हाताला जुना लागला. परतीच्या बसमध्ये लक्षात आलं. फरक होता तो तिसऱ्या दशांशात, कोणाच्या वाटेला जाणार नाही असा. ती त्या बसमध्ये एकटीच हसली आणि मग तिला एकदम कसंतरी झालं, की आपण जाऊन करतो तरी काय. शेवटच्या वर्षी तिनं सगळ्यांना सांगितलं, मी आता निवृत्त होणार, पुढच्या वेळी नवीन माणूस येईल. शिंपीण म्हणाली, “चालेल. माणूस असला म्हणजे झालं.” दगड मात्र तिनं सवयीनं परत बॅगेत घातला. तो खात्याचा होता, एरवी खात्याच्या कपाटात राहायचा, जायच्या आदल्या रात्रीपुरता घरी यायचा. महिन्याभरानं खात्यानं त्याला बैठक लावून, पट्टी ठोकून, फुलांसकट तिच्या हातात दिला.

तिनं सुनेकडून आपला फोन मागून घेतला आणि तिच्या जागेवर आलेल्या माणसाला लावला.

“मॅडम, किती दिवसांनी,” तो म्हणाला, आणि त्याला खरंच बरं वाटलेलं कळत होतं. “बऱ्या आहात ना?”

“बरी आहे. तू गेला होतास का रे, डोंगराच्या गावाला?”

“बैठकीला होय? नाही मॅडम. आता ते सगळं ॲपवर टाकतो आपण. रोजचे आकडे रोज. वर्षातून एकदाच कशाला?”

“लोक बघतात?”

“थोडे बघतात. पण बैठकीलाही तेवढेच यायचे, तुम्हीच सांगितलं होतंत.” हे खरं होतं. “आणि मॅडम, तुम्ही म्हणाला होतात की जायचं असतं, म्हणून मी नियम काढून बघितले. तसं कुठेच नाही. म्हणजे मला वाटलं तुमची पद्धत असेल.”

“आकडे कसे आहेत?”

“नेहमीसारखेच. सगळं मर्यादेत. पाठवू का?”

“पाठव,” ती म्हणाली. त्याच्यावर चिडायला तिला जागा सापडेना, शोधूनही. त्यानं निदान बघितलं तरी होतं.

शिंपिणीच्या दुकानाचा नंबर तिला पाठ होता. पलीकडे मशीन चालू होतं, ते थांबलं.

“मावशी, मी दगडबाई.”

शिंपीण म्हणाली, “बोल. काय झालंय?”

“काही झालेलं नाही.”

“मग आली का नाहीस?”

“मी निवृत्त झाले ना. सांगितलं होतं मागच्या वेळी.”

“तू झालीस. तुझी जागा तर नाही ना झाली निवृत्त.” शिंपिणीचा आवाज चढलेला नव्हता; टाके उसवताना जसा सावकाश हात चालावा तसं ती बोलत होती. हॉल उघडला, म्हणाली. खुर्च्या पुसल्या. सांजेपर्यंत बसलो. दुसऱ्या दिवशी वाटलं, आपलीच तारीख चुकली असेल, म्हणून परत बसलो. मग बाजारात बोलणं सुरू झालं. जे लोक कधी बैठकीला फिरकले नव्हते तेही विचारायला आले, आलं का कोणी? नाही आलं म्हटल्यावर त्यांचे चेहरे बघायला हवे होतेस. आधी लोकांनी विहिरीचं पाणी सोडलं. मग भाजीवालीकडची भाजी सोडली. “आणि माझी नात गेली. बाळाला घेऊन. तिच्या नवऱ्यानं लांब कुठेतरी काम बघितलं, घर घेतलं.”

“मावशी, अहो पण का? तुम्ही त्यांना थांबवायचं होतं.”

“काय सांगून थांबवू? तूच म्हणाली होतीस, माणूस आलं की समजा सगळं ठीक आहे. नाही आलं तर काय समजायचं ते तू सांगितलं नव्हतंस. ते आमचं आम्ही समजलो.”

“ठीक आहे हो सगळं. मी आत्ताच विचारलं.”

“कोणाला?”

“माझ्या जागेवर आलाय त्याला.”

“तू बघितलेस आकडे?”

“नाही. अजून नाही.”

“मग तुला तरी काय माहीत,” शिंपीण म्हणाली. त्यात राग नव्हता, आणि राग असता तर ऐकणं सोपं गेलं असतं. “येणार असशील तर ये. हॉलची किल्ली माझ्याकडेच आहे. नात काही आता परत यायची नाही. पण ये.”

सुनेनं सुट्टी टाकली. एवढा सुजलेला पाय घेऊन बसनं कुठे जाताय, मीच सोडते, असं म्हणाली आणि वर, “दगडाला पण घ्यायचंय ना? तो राहिला तर रडेल.” दगड मागच्या सीटवर ठेवला तर कोणीतरी बसलंय असं समजून गाडी टिंग टिंग करत राहिली, शेवटी सुनेनं त्याला पट्टा बांधला. वाटभर ती बोलत होती, ऑफिसमधल्या एका महाभागाच्या गमती सांगत होती, आणि दगडबाई हं हं करत मांडीवरचे कागद वाचत होती. आकडे नेहमीसारखेच होते. तिनं ते पुन्हा पुन्हा वाचले, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. खिडकीतून डोंगर दिसायला लागला तेव्हा सुनेनं विचारलं, “हाच का?” ती म्हणाली, हाच. “काही दिसत नाही की,” सून म्हणाली. दिसायचं नसतंच, असं तिच्या ओठांवर आलं. आपण या मुलीला इतक्या वर्षांत यातलं काहीच कसं सांगितलं नाही, असा विचार तिच्या मनात आला. काम घरी आणायचं नाही, अशी तिची शिस्त होती. त्या शिस्तीचा तिला अभिमानसुद्धा होता.

सून म्हणाली, मी गाडीतच बसते, एक मीटिंग आहे फोनवर. हॉलचं दार उघडं होतं. आत सगळ्या खुर्च्या मांडलेल्या, पुसलेल्या, रांगेनं, सगळं गाव येणार असल्यासारख्या, आणि शेवटच्या रांगेत शिंपीण. पाठ वाकली होती, मांडीवर शिवणकाम नव्हतं. न्हावी गेल्या हिवाळ्यात वारला, ती म्हणाली. बाकीच्यांना तिनं निरोप दिला होता. येतील असं वाटत नाही, म्हणाली, एकदा घाबरलेलं माणूस फार लांब बसतं. दगडबाई लंगडत पुढे गेली आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली. रिकाम्या रांगांपलीकडे एवढ्या लांबून वाचायचं म्हणजे ओरडावं लागलं असतं, म्हणून ती उठून शेवटच्या रांगेत आली आणि शिंपिणीच्या शेजारी बसून तिनं आकडे वाचले. विहिरीचे, ओढ्याचे, हवेचे, बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या मापकाचे. शिंपिणीनं ऐकून घेतलं.

“हा या वर्षीचा कागद आहे,” शिंपीण म्हणाली.

“हो.”

“मागे एकदा तू जुनाच वाचला होतास. त्याच्या कोपऱ्यावर चहाचा डाग होता. आदल्या वर्षी तुझा कप मीच ठेवला होता तिथे.”

दगडबाईनं तिच्याकडे बघितलं. “तेव्हा बोलला का नाहीत?”

“तू आली होतीस ना,” शिंपीण म्हणाली, जणू यात सांगण्यासारखं काही नाही. मग तिनं दगड मागितला. तो तिला हातात नीट धरता येईना. पूर्वी बायका त्याला तान्ह्या पोरासारखा आडव्या हातावर घ्यायच्या. आता त्या लाकडी बैठकीचे कोपरे दंडाला बोचत होते. “हे काय लावलंय याला?”

“माझं नाव आहे. निरोपाला दिला त्यांनी.”

“तुझं नाव कशाला? तू काय केलंस याला?” शिंपिणीनं पिशवीतून कात्री काढली, टोकानं खालचे स्क्रू सैल केले, एकेक करून काढले, बैठक बाजूच्या खुर्चीवर ठेवली. कात्री कुठे घसरली नाही. दगड मोकळा झाला. तिनं तो आडव्या हातावर घेतला, अगदी पूर्वीसारखा, आणि आता तो तिच्या हातात असल्यामुळे दगडबाई गप्प बसली.

“आणि तुझ्यानंतर?” शिंपीण म्हणाली.

मागच्या वेळी या प्रश्नाला किती पटकन उत्तर सुचलं होतं. तेव्हा ती तरुण नव्हती, पण पुढे माणसं आहेत, रांगेनं उभी आहेत, आपण बाजूला झालो की मागचं पुढे येईल, असं तिला गृहीतच वाटत होतं. आता तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. सून गाडीला टेकून फोनवर बोलत होती, एका हातानं केस मागे घेत, हसत. दगडबाईच्या मनात आलं, हाक मारावी. हिला सांगावं. ही येईल, ही नाही म्हणणार नाही. तिनं आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही, म्हणूनच तर इतकं बरं जमतं. आणि ज्या क्षणी हे मनात आलं त्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. हिनं काय केलंय? ही त्या मतदानाच्या वेळी शाळेत होती. हिला कोणी विचारलं होतं, आणि शिंपिणीच्या नातीला, आणि त्या बाळाला? हात तर आम्ही वर केले होते. नाही, हाक मारायची नाही, तिनं ठरवलं, आणि ठरवल्यावर सांगण्यासारखं तिच्याकडे काहीच उरलं नाही. शिंपीण वाट बघत होती. वाट बघायची तिला सवय होती.

“मावशी, मला नाही माहीत,” ती शेवटी म्हणाली. “तेव्हाही नव्हतं.”

शिंपिणीनं मान हलवली. हे तिला नवीन नसावं. दगड पुढे द्यायचा असतो म्हणून तिनं तो शेजारी सरकवायला घेतला, पण हात आता पूर्वीचे राहिले नव्हते, ते एकदम लटपटले. दगडबाईनं घाईनं उठायचा प्रयत्न केला तर अंगठ्यातून कळ गेली आणि ती अर्धवटच उठली. तेवढ्यात सून आत आली होती. वळणाचा रस्ता आहे, उजेड आहे तोवर निघू या, असं काहीतरी ती म्हणत होती, ते वाक्य तिनं तसंच सोडलं आणि चार पावलांत पुढे आली.

“अहो आजी, द्या इकडे. पडेल ना पायावर. एक पाय तर आधीच गेलाय आमचा.” तिनं दगड अलगद काढून घेतला आणि शिकवल्याशिवायच तो आडव्या हातावर घेतला, दुसरा हात खाली धरला. “केवढा जड आहे हो. एरवी कळत नाही.”

दगडबाईनं तिच्याकडे हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. शिंपीण सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होती, मग तिच्या हातांकडे. ज्याच्या हातात दगड, तो बोलणार, असा तिथला रिवाज होता, आणि सुनेला तो माहीत नव्हता. तिनं रिकाम्या हॉलभर नजर फिरवली, खुर्च्यांच्या रांगांवरून, पुढच्या त्या एकट्या खुर्चीवरून, आणि परत या दोघींकडे बघितलं.

“हा कुठे ठेवू?” तिनं विचारलं.